डोळे उघडे, तोंड मिटलेलं

हलूनकांच्या घरात भिंतभर फोटो होते, आणि ज्या ज्या फोटोत हलूनका होते, त्या त्या फोटोत ते डोळा मारत होते.

लग्नाच्या फोटोत डोळा मारत होते, आणि नीट पाहिलं तर तो नेमका सासूबाईंच्या दिशेने. लेकीच्या शाळेतल्या बक्षीस समारंभात मुख्याध्यापिकेला खेटून उभे राहून डोळा मारत होते. मोठ्या मामांच्या निवृत्तीच्या दिवशी मामा रुमालाने डोळे टिपतायत आणि शेजारी हे, असे डोळा मारून उभे, की मामांची नोकरी ह्यांनीच घालवली की काय असं वाटावं.

माणूस मात्र चावटपणाच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा. सदरा गळ्यापर्यंत बंद, बोलणं मोजकं, हसणं सणासुदीला ठेवलेल्या कपबशीसारखं, काचेच्या कपाटात. कॅमेऱ्यामागे गेले की तोंडातून दोनच शब्द निघत, "हलू नका." इतकी वर्षं इतक्या माणसांना हे ऐकवलं होतं की रस्त्यावरची सगळी मंडळी त्यांना त्याच नावाने ओळखायची. पोस्टमनसुद्धा पाकीट देताना "हलूनका आहेत का?" असंच विचारायचा.

डोळ्याचं मूळ धंद्यात होतं. उजवा डोळा कॅमेऱ्याला लावायचा, डावा मिटायचा, बोट दाबायचं. मिटायचा, दाबायचं. मिटायचा, दाबायचं. पाण्याची धार दगडावर पडून पडून खळगा करते, तसा ह्या सवयीने पापणीत खळगा केला होता. बोट आणि पापणी यांच्यात कुणीतरी दोरी बांधून दिल्यासारखं झालं होतं, आणि पुढे पुढे तर बोट दुसऱ्याचं असलं तरी पापणी ह्यांची पडायची. बरं, आवाज न करता फोटो काढावा, तर तेही जमत नसे. समोरचा माणूस बटण कधी दाबणार हे हलूनकांना त्याच्या आधी कळे. श्वास थांबला, खांदा जरासा उतरला, की इकडे डोळा मिटलाच. बायकोने मोबाईलवर लपून छपून प्रयत्न केले होते. एकदा तिने सबंध व्हिडिओ काढून पाहिला, म्हटलं त्यातलं एखादं चित्र सुटं करून घेऊ. तर हे पूर्ण वेळ डावा डोळा अर्धा मिटून, उंदराच्या बिळापाशी बसलेल्या मांजरासारखे, त्या एका क्षणाची वाट बघत बसलेले.

बायकोला शब्द जुळवायची खोड होती. राग आला की ती गद्यात भांडत नसे. कपड्यांच्या घड्या घालता घालता भिंतीला ऐकवायची:

"जगाला सांगतो गं, हलू नका जागचे,
पापणीचे नखरे गं, बघा ह्या वाघाचे."

वाघ मुकाट्याने लेन्स पुसत बसायचा.

इतके दिवस ह्या डोळ्यावाचून काही अडलं नव्हतं. पण आता घोडं अडलं. लेक समुद्रापलीकडे राहत होती, तिला मुलगी झाली होती. लेकीची रजा संपत आली होती आणि आईबाबांनी येऊन राहावं असं तिने रडवेलं होऊन सांगितलं होतं. बायकोचा पासपोर्ट निघाला. तिचा फोटो हलूनकांनीच काढला होता, आणि पासपोर्टच्या फोटोत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हसू नाही, हालचाल नाही, कान दोन्ही बाजूंना सारखे. "चोरीच्या आरोपात धरून आणल्यासारखी दिसतेय मी," असं बायको म्हणाली होती, पण कचेरीने फोटो पहिल्या फटक्यात घेतला होता.

हलूनकांचा अर्ज मात्र, स्वतःच टायमर लावून काढलेल्या फोटोसकट, पुन्हा परत आला होता.

खिडकीवरच्या बाईंनी फोटो दोन बोटांत धरून आधी त्याच्याकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. बाई तरुण होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाजात मात्र माया.

"आजोबा, हा कितवा?"

"बरेच झाले," हलूनका म्हणाले.

"शासनाला डोळा मारून चालत नाही हो. नियम काय आहे बघा, मोठ्या अक्षरात लिहिलाय. दोन्ही डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर कसलाही भाव नको."

"मुद्दाम नाही मारत."

"तुमची चूक नाहीच." बाईंनी आवाज उतरवला. "फोटोवाल्याला कळायला हवं ना? कुठल्या स्टुडिओत काढलात? फसवलंय तुम्हाला त्याने."

हलूनका खिडकीपासून जरा मागे सरकले. हातातली पिशवी त्यांनी अशी काही धरली, की त्यावर छापलेलं स्वतःच्या स्टुडिओचं नाव पोटाकडे जावं.

"असं करा," बाई अर्जावरचा पत्ता बघत म्हणाल्या, "तुमच्याच रस्त्यावर समोरच्या बाजूला एक आहेत बघा. हसाजरा म्हणतात त्यांना. माझा साखरपुड्याचा फोटो त्यांनीच काढलाय. त्यांच्याकडे जा. माणूस हुशार आहे."

कचेरीतून घरापर्यंतचा रस्ता हलूनका कसे चालले ते त्यांचं त्यांना ठाऊक.

हसाजरा म्हणजे समोरचा. रस्ता इतका अरुंद, की एका दुकानात शिंक आली तर दुसऱ्या दुकानात "अरे, जप" म्हणता येई. दोघे एकाच उस्तादांच्या हाताखाली, एकाच लाल दिव्याच्या खोलीत, एकाच ताटातल्या पाण्यात फोटोचे कागद हलवत धंदा शिकले. पण एकाच पाण्यातून दोन वेगळी चित्रं वर यावीत तसे बाहेर पडले. हलूनकांचं म्हणणं, क्षण आपल्या पायाने येतो; फोटोवाल्याने दम धरून थांबायचं. हसाजराचं म्हणणं, क्षण आळशी असतो, त्याला गुदगुल्या करून उठवावा लागतो. तो कॅमेऱ्यामागे उभा राहून नकला करायचा, खोटं खोटं पडायचा, नवऱ्यामुलाच्या कानात काहीतरी सांगून त्याला लाल करायचा. वर दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढायचा. हलूनकांच्या मते हा शुद्ध उथळपणा होता. अशाने त्याला डोळ्याचा रोग झाला नव्हता ही गोष्ट तर त्यांना आणखीच अन्यायाची वाटे.

तरी दोघांत कधी वाजलं नाही, कारण उस्तादांनी जाता जाता नियम घालून दिले होते. दुसऱ्याच्या चौकटीत पाय घालायचा नाही. ऐन लग्नात त्याचा फ्लॅश मेला तर आपला द्यायचा, आणि दिला हे विसरून जायचं. गिऱ्हाइकासमोर एकमेकांना अहो-जाहो करायचं. आणि सगळ्यात मोठा नियम: दुसऱ्याच्या उंबरठ्याच्या आत त्याच्या फोटोला नावं ठेवायची नाहीत, फोटो प्रदर्शनात लावला असेल तर त्याची चौकट हाच त्याचा उंबरठा. "बाहेर काय वाट्टेल ते बोला," उस्ताद म्हणाले होते. "मीही बोलतो."

दरवर्षी वाचनालयाच्या माडीवर प्रदर्शन भरे. दोघांची चुरस अशी, की महिनाभर आधीपासून दुकानांचे पडदे ओढलेले. चुरस अर्थात दुसऱ्या नंबरासाठी. पहिला नंबर दातांच्या एका डॉक्टरांना जायचा. ते पक्ष्यांचे फोटो काढत. पक्षी कुठलाही असो, परीक्षकांना तो पाहून भरून यायचं. ह्या एका बाबतीत हलूनका आणि हसाजरा यांचं एकमत होतं, की डॉक्टर पक्ष्यांनासुद्धा भूल देत असणार.

आणि प्रदर्शनात हलूनका समोरच्याच्या फोटोपुढे जाऊन उभे राहत. काही बोलत नसत. घरी आल्यावर मात्र बायकोपुढे ताट वाढेपर्यंत बोलत.

आता त्याच्याच दारात जायचं. त्याने फोटो काढला, दोन्ही डोळे उघडे आले, की याचा अर्थ त्याला ह्यांच्या पापणीहून आधी क्षण पकडता आला. मग इतक्या वर्षांचं भांडण एका लहानशा चौकोनी फोटोत मिटलं. हलूनकांच्या जिवावर आलं.

बायकोने बॅग भरून दाराशी ठेवली होती. एकच बॅग. तिच्या शेजारी दुसऱ्या बॅगेची जागा रिकामी, झाडून पुसून स्वच्छ.

"मी जातेय," ती म्हणाली. "तुम्ही डोळे मिटत बसा."

"एकच मिटतोय," हलूनका म्हणाले.

बायकोने बॅगेचा पट्टा आवळला आणि बॅगेलाच ऐकवलं:

"नात माझी पाळण्यात, वाट बघे आजोबाची,
आजोबाला ओढ सुटे ना, काळ्या त्याच्या कॅमेऱ्याची."

हलूनकांनी सकाळी इस्त्रीचा सदरा घातला, केस पाणी लावून बसवले आणि रस्ता ओलांडला.

हसाजराच्या दुकानात एक जोडपं बाळाला घेऊन आलं होतं. बाळ बोळकं उघडून हसत होतं, बाप हसत होता, आई तर हसून हसून भिंतीला टेकली होती, आणि मधे हसाजरा डोक्यावर छत्री उघडून बगळ्यासारखा एका पायावर उभा. हलूनकांना पाहून त्याने छत्री मिटली.

"या, या. आज इकडे कशी वाट चुकलात?"

"एक बॅटरी हवी होती," हलूनका म्हणाले.

"कसली?"

"कसलीही."

"बसा ना आपण. ह्यांचं आटपतो, मग बघू आपली कसलीही बॅटरी."

जोडपं गेलं. दाराची घंटा वाजून शांत झाली. हसाजराने छत्री कोपऱ्यात उभी केली आणि अहो-जाहोही तिच्याबरोबर तिथेच ठेवलं.

"बोल."

"काय बोल?"

"बॅटरी मागायला माणूस इस्त्रीचा सदरा घालून येत नाही. भांग तर बघ, पट्टीने पाडलेला. वहिनी गेली का बॅग घेऊन?"

"अजून नाही." हलूनकांनी इकडेतिकडे पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमची खिडकी आणि माझी खिडकी. तिच्या ओव्या सगळ्या रस्त्याला पाठ आहेत." हसाजराने पांढरा पडदा खाली सोडला आणि स्टूल पुढे ओढलं. "बस. पण एक सांगतो, तुझा फोटो म्हणजे माझं मरण आहे. पासपोर्टला हसू चालत नाही, आणि मला हसवण्यावाचून दुसरं काही येत नाही. आणि तुझ्याबाबतीत तर तेही येत नाही."

हलूनका स्टुलावर बसले. आरशाला साखळीने बांधलेला कंगवा होता, शेजारी पावडरचा डबा. पांढरी छत्री दिव्यापुढे उघडी. उजेड, मानावं लागेल, मऊ होता. ह्या बाजूने त्यांनी हे दुकान कधी पाहिलं नव्हतं. स्टुलावर बसणारा माणूस किती बुटका होतो हे त्यांना आत्ता कळलं.

हसाजराने कॅमेरा डोळ्याला लावला. श्वास थांबला. खांदा उतरला.

पापणी पडली.

"एक," हलूनका म्हणाले.

"मोजू नकोस," हसाजरा म्हणाला.

मग त्याने कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवला आणि काळ्या कापडाआडून दाबला. हलूनकांनी कापडाची सुरकुती हलताना पाहिली. पापणी पडली. मग वायरीचं बटण पाठीमागे धरून, शीळ घालत, छताकडे बघत दाबलं. हलूनकांनी कोपर पाहिलं. पापणी पडली. मग लेन्स बदलायचं सोंग केलं.

"लेन्स बदलायला दोन हात लागतात," हलूनका म्हणाले. "तुझा एकच दिसतोय."

"अरे, पण डोळा तर उघडा ठेवशील?"

"मी कुठे मिटतोय? तो मिटतो."

हसाजराने घाम पुसला. हलूनकांच्या ओठांच्या कोपऱ्यात, कपाटातली कपबशी हलावी तसं काहीतरी किणकिणलं. ते जिंकत होते. समोरचा इतकी वर्षं क्षणाला गुदगुल्या करत फिरला आणि एका पापणीला हरवू शकत नव्हता. पुन्हा बटण, पुन्हा पापणी, पुन्हा जीत. आणि मग त्यांना दाराशी ठेवलेली बॅग आठवली, शेजारची झाडलेली जागा आठवली. प्रत्येक वेळी ते जिंकत होते, आणि प्रत्येक जिंकण्यागणिक नात एकेक गाव लांब जात होती. किणकिण थांबली.

"नाही जमणार," ते म्हणाले. आवाज कोरडा झाला होता. "राहू दे. तिला जाऊ दे एकटीला. मी व्हिडिओवर बघेन."

हसाजराने त्यांच्याकडे पाहिलं. मग कॅमेरा तिकाटण्यावर तसाच सोडून दिला.

"चहा घे आधी," तो म्हणाला. त्याने दोन कप आणले, एक ह्यांच्या हातात दिला. चहा संपेपर्यंत डॉक्टरांच्या पक्ष्यांची थोडी निंदा झाली. मग त्याने रिकामे कप उचलले.

"बरं, जाण्याआधी एक बघ. ह्या वर्षीच्या प्रदर्शनाचा फोटो कालच छापून आला. कुणाला दाखवला नाही अजून. बस तिथेच, तिथून उजेड बरा आहे."

आतून त्याने भला मोठा फोटो आणला आणि कॅमेऱ्याच्या बरोबर मागे, चित्राच्या घोडीवर उभा केला.

हलूनकांनी पाहिला.

तळं होतं. तळ्याचं पाणी डावीकडून उजवीकडे असं उतरत होतं, की फोटोखाली बादली लावावीशी वाटे. नावाड्याच्या डोक्यातून दिव्याचा खांब उगवला होता, वर दिवाही होता. नावाड्याचा वल्हं धरलेला हात मनगटापाशी चौकटीने कापून नेला होता. वल्हं आपलं आपण चाललं होतं. कडेला कुणाचंतरी अर्धं कुत्रं होतं, मागचं अर्धं. आणि आकाशाचा रंग औषधाच्या बाटलीसारखा.

"कसा वाटतो?" हसाजरा कुठूनतरी म्हणाला.

हलूनकांच्या पोटातून शब्द निघाले. क्षितिजाचे निघाले, खांबाचे निघाले, मनगटाचे आणि कुत्र्याचे निघाले, आणि सगळे एकदम घशाशी येऊन गर्दी करू लागले. पण उंबरठ्याच्या आत होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले. चेहरा कोऱ्या कागदासारखा केला, मान सरळ ठेवली, आणि इतकं वाईट काम एका डोळ्याने बघून होण्यासारखं नसल्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत राहिले.

खट्.

आवाज त्यांनी ऐकला. पण पापणीला सवड नव्हती. सगळं अंग तोंड मिटून धरण्यात गुंतलं होतं.

"झालं," हसाजरा म्हणाला.

"काय झालं?"

"फोटो."

त्याने कॅमेरा उलटा करून पडदा त्यांच्यापुढे धरला. त्या छोट्या चौकोनात एक म्हातारा बसला होता. तोंड मिटलेलं. चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. आणि डोळे दोन.

हलूनका बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला आरशात पाहिलं होतं दाढीपुरतं. दाढी करणारा माणूस गाल बघतो. हे डोळे त्यांनी कुठेतरी पाहिले होते. जरा मोठे, जरा पाणीदार, कोपऱ्यात खाली उतरलेले. आणि मग कळलं, ते लेकीचे होते. पाळण्यातल्या बाळाला मोबाईलपुढे धरून लेक "बाबा, दिसतेय का?" विचारते, तेव्हा जे दिसतात ते. सगळं घर म्हणायचं, लेकीने डोळे आईचे घेतले. फोटोत बापाचा दुसरा डोळा कधी कुणाला मिळालाच नव्हता, ताडून बघायला.

"दोन्ही आले," ते हळूच म्हणाले.

"दोन्ही आले."

मग त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलेला माणूस सावध राहत नाही. घोडीवरच्या फोटोकडे हात करून ते म्हणाले, "पण तू कमाल केलीस हं. इतका वाईट फोटो मुद्दाम काढायचा म्हणजे खायचं काम नाही. मी मनात म्हटलं, काही झालं तरी तू एवढा खाली जाणार नाहीस. गळच टाकलास."

हसाजराने कॅमेरा खाली ठेवला. त्याने दिवा बंद केला. खोली एकदम घरगुती झाली.

"गळ होता," तो म्हणाला. "पण फोटो खरा आहे. तोच पाठवतोय ह्या वर्षी."

रस्त्यावरून सायकलची घंटा वाजत गेली. हलूनका स्टुलावर बसून जमीन दुभंगायची वाट बघू लागले. जमीन फरशीची होती.

"मग तुला कसं कळलं," ते शेवटी म्हणाले, "मी असा... असं तोंड करेन म्हणून?"

"दरवर्षी करतोस. वाचनालयाच्या माडीवर माझ्या फोटोपुढे हेच तोंड करून उभा राहतोस. मी दरवर्षी खांबाआडून बघतो." हसाजराने कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळला. "आज तुझी पापणी पडत गेली तेव्हा मी म्हटलं, हा माणूस दोन्ही डोळे उघडे ठेवून बघतो कधी? आणि तेव्हाच डोक्यात आलं. माझे फोटो बघताना. तुझा पासपोर्टचा चेहरा जगात मी एकट्यानेच पाहिलाय."

"मला वाटायचं, तुला कळत नाही."

"मला दोन डोळे आहेत रे. उघडे."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

"उंबरठा," हलूनका म्हणाले.

हसाजराने घोडीवरचा फोटो उचलला, काखेत मारला, दार उघडलं आणि पायरी उतरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"ये," तो म्हणाला. "इथे कुणाचाच उंबरठा नाही."

हलूनका पायरीवर घुटमळले. मग उतरले. आणि एकदा उतरल्यावर त्यांनी क्षितिजापासून सुरुवात केली. बादली झाली, खांब झाला, मनगट झालं. कुत्र्यापाशी आले तेव्हा त्यांचा आवाज चढला होता आणि कोपऱ्यावरच्या धोब्याने इस्त्री उभी करून ठेवली होती. मग मागची वर्षं निघाली. तो पळणाऱ्या घोड्याचा फोटो, ज्यात घोडा सोडून सगळं होतं. तो संध्याकाळच्या हळदी उजेडातला, जो काविळीसारखा आला होता. हसाजरा फोटो छातीशी धरून ऐकत होता, मान हलवत होता, मधेच "हे बरोबर" म्हणत होता. एक टेम्पो थांबला, त्याने हॉर्न वाजवला, मग चालकाने खिडकीतून डोकं काढून फोटो पाहिला.

"खांबाचं बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला.

"झालं तुझं?" हसाजराने विचारलं. "आता माझी पाळी. तुझ्या फोटोतली बाळंसुद्धा मुलाखतीला आल्यासारखी बसतात. नवरा-नवरीकडे बघून वाटतं, निकाल लागायचाय. आणि गेल्या वर्षीचं ते फूल, अरे, फुलालासुद्धा तू दम दिला होतास. पाकळी हलायची सोय नाही. तुझं सगळं सरळ असतं, कान सारखे, क्षितिज सारखं, आणि माणूस कुठे आहे म्हणून शोधावं लागतं."

हलूनकांनी उगाच सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बायकोने सांगितलं होतं, पण ते यमकात, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. नजर लपवायला जागा हवी म्हणून त्यांनी पुन्हा त्या तळ्याकडे पाहिलं. आणि आत्ता, चुका सगळ्या सांगून संपल्यावर, नावेच्या दुसऱ्या टोकाला बसलेली बाई त्यांना दिसली. डोकं मागे टाकून हसत होती. तोंडाला पदर लावायचं भान नाही, कोण बघतंय त्याची फिकीर नाही. हसण्याने नाव कलली होती, नावेबरोबर फोटोवाला कलला होता, आणि फोटोवाल्याबरोबर सबंध तळं.

"ही बाई," ते म्हणाले.

"तिचं काय?"

"माझ्याकडे नसती हसली अशी."

हसाजराने फोटो जरा दूर धरून पाहिला. "मग पाठवू का?"

"पाठव. नाहीतरी पहिला नंबर पक्ष्यालाच जाणार." हलूनका थांबले. "कुत्रं मात्र काप. अर्धं कुत्रं कुणी मागितलं नाही."

वरच्या खिडकीतून बायको केव्हापासून वाकून बघत होती. "भाऊजी," तिने विचारलं, "आला का फोटो?"

"आला, वहिनी. दोन्ही डोळ्यांनिशी."

त्या दुपारी हलूनकांनी पाकिटातून फोटो काढून तिच्यापुढे ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग माळ्यावरून दुसरी बॅग काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि बॅगेला नाही, धुळीला नाही, सरळ त्यांनाच ऐकवलं:

"दोन डोळे उघडले, तोंड मिटे आपोआप,
असाच राहू दे गं, माझ्या लेकीचा हा बाप."

"तोंडाचं कशाला घातलंस?" हलूनका म्हणाले.

"यमकासाठी," बायको म्हणाली.

पासपोर्ट घ्यायला ते स्वतः कचेरीत गेले. खिडकीवर त्याच बाई. त्यांनी पुस्तक उघडलं, फोटो पाहिला आणि चष्म्यावरून हसल्या.

"हा बघा. समोरच्यांकडे गेलात ना?"

"गेलो."

"मी म्हटलं नव्हतं? फोटो काढणं म्हणजे काय ते त्यांना कळतं. आधीचा कोण होता देव जाणे, त्याने दुकानच बंद करायला हवं."

उंबरठा मैलभर लांब होता. बोलायची पुरी मुभा होती. क्षितिज होतं, खांब होता, घोड्याविना घोडा होता, आणि आधीचा कोण होता तेही सांगता आलं असतं. शब्द घशाशी आले. हलूनकांनी ओठ मिटले, मान सरळ ठेवली आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बाईंकडे पाहत राहिले.

बाईंनी पुस्तक त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"हुबेहूब," त्या म्हणाल्या, आणि शिक्का मारला.